तो म्हणतो, हो

कालेव सिरेल बोलतो तेव्हा
माझ्या हाती फारसं काही लागत नाही.
व्होरूच्या बाहेर, राईच्या शेताला लागून
ठोकलेल्या पांढऱ्या तंबूत
बारा माईक त्याच्या हनुवटीखाली दाटतात.
कुणीतरी ऐसपैस प्रश्न विचारतो :
त्या उडीनंतर गाडी जमिनीला टेकली
तेव्हा मनात नेमकं काय होतं?
भीती? आनंद? वडिलांची आठवण?
मी तो अख्खा प्रश्न शेंगेसारखा सोलून
एस्टोनियनमध्ये त्याच्यापुढे ठेवते.
तो टोपी खाली ओढतो.
“रस्ता होता.”
मी माईककडे वळते. तो म्हणतो, रस्ता होता.
मागच्या रांगेत हशा.
“माणूस आहे की फ्रीज,” कुणी पुटपुटतं.
तेवढं मी त्याला सांगत नाही.

मला दिवसाचे पैसे मिळतात, शब्दाचे नाही,
नाहीतर या माणसापायी उपाशीच मेले असते.

एकदा मी गाडीतलं मुद्रण ऐकलं.
सोळा किलोमीटर, जंगलातून, खडीवरून.
शेजारच्या सीटवरून हेन्नो वही वाचतोय :
डावं चार. कापू नको. साठ.
चढावर उजवं, उशिरा. आत दगड. शंभर.
आणि कालेवचा नुसता श्वास.
एक शब्द चुकला तर झाड.
एक शब्द जास्त झाला
तरी झाडच.
मग हेल्मेट काढून तो बाहेर येतो,
कानात अजून खडी उडत असते,
आणि आपण विचारतो,
कसं वाटतंय?

पूर्वी तो बोलायचा म्हणे.
हे हेल्वीनं सांगितलं, त्याच्या बहिणीनं,
बरणीत काकड्या उभ्या रचता रचता.
नऊ वर्षांपूर्वी, दुसरा आल्यावर,
तो हसत म्हणाला होता, “ब्रेक जरा मऊ वाटले.”
सकाळी छापून आलं :
मेकॅनिकनं घालवला विजय.
मेकॅनिक इल्मार. हेल्वीचा नवरा.
दुपारपर्यंत संघानं त्याला घरी पाठवलं.
आता तो दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो.
नाताळात दोघं एका टेबलाशी बसतात,
बटाटे पुढे सरकवतात.
“मऊ” हा शब्द आमच्या घरात
पावालासुद्धा वापरत नाहीत,
हेल्वी म्हणाली आणि झाकण घट्ट फिरवलं.

आणि मी?
मागच्या मोसमात माझ्यानं राहवलं नाही.
तो म्हणाला, “ठीक.”
मी माईकला म्हटलं,
“तो म्हणतो, पावसात भिजत उभ्या राहिलेल्या
प्रत्येक माणसाचा मी ऋणी आहे.”
टाळ्या पडल्या.
तो चमकून टाळ्यांकडे बघत राहिला,
चुकीच्या वळणावर आल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाला,
“वाक्य चांगलं आहे.”
मग बराच वेळ काही नाही.
“पण माझं नाही.”

त्याच संध्याकाळी मला घरी सोडताना
त्यानं देवदारांपाशी गाडी थांबवली.
ताशी चाळीसनं चालवत होता, सगळ्यांना पुढे जाऊ देत.
उतरला, गुडघ्यांवर बसला, शेवाळ अलगद बाजूला केलं,
आणि तिथून पाऊण तास बोलत होता :
पिवळी अळंबी कुठल्या उतारावर येतात,
आजी त्यांना कोणत्या नावानं हाक मारायची,
कापायची की उपटायची यावरून
गावात दोन कुटुंबं कशी अबोला धरून आहेत.
हसलासुद्धा, तोंडावर हात न धरता.
यातलं मी कुणालाही सांगितलेलं नाही.
त्या अळंब्यांचं नाव मला येतं,
दुसऱ्या कुठल्या भाषेत शोधलं नाही.

आज पुन्हा तंबू. पुन्हा बारा माईक.
एक नवी मुलगी, वही घट्ट धरलेली,
विचारते, तुम्ही सुखी आहात का?
मी सोलते, पुढे ठेवते.
तो आधी माझ्याकडे बघतो, मग तिच्याकडे.
“हो.”
ती पुढच्या शब्दासाठी पेन टेकवून थांबलीय.
माझ्या नखांत अजून माती आहे.
मी माईककडे वळते.
तो म्हणतो, हो.