अकरावं मिनिट

कर्णिक मॅडम टेप थांबवतात.
"इथे का बोललीस, मृण्मयी?"

टेपवर उरणचा मुलगा.
हॉस्टेलात झोप लागत नाही, म्हणतो,
आणि गप्प होतो. चार सेकंद.
मग माझा आवाज, घाईचा,
पीएचडी झालेला :
"म्हणजे एकटं वाटतं का तुला?"
तो "हो" म्हणतो.
माझ्या प्रश्नातून सुटायला
तेवढंच पुरेसं होतं.

खिडकीत खारघरची टेकडी,
वणव्याने अर्धी काळी.
मॅडम टेप मागे नेतात.
पुन्हा ते चार सेकंद :
पंख्याची करकर,
लादीवर घासणारी चप्पल.
"हे ऐकलं होतंस?"

गुरुवारी तो आला.
खुर्ची जराशी ओढून बसला.
मी जीभ दातांत धरून.
बऱ्याच वेळाने वर बघत म्हणाला,
"तुमचा पंखा वाजतो, मॅडम.
आमचे घरचा पन असाच."