पहिला गिअर, पूर्ण वळण

गॅरेजात पोचेपर्यंत ती बरी झालेली असायची.
तीनदा असंच. मरोळचा सिग्नल ओलांडला
की जीप शहाण्या मुलासारखी गप्प,
आणि जेरोम डिमेलो बॉनेटवर कोपर टेकून म्हणायचा,
बाय, मला तर काहीच ऐकू येत नाही.

सरळ रस्त्यावर काही नाही, मी सांगितलं.
वेगात नाही. दुपारी नाही.
फक्त पहाटे, सोसायटीच्या फाटकातून हळू वळवताना
स्टिअरिंग पार शेवटपर्यंत नेलं
की खालून कोणीतरी धरून हलवतं.
दाढेतून कळ जावी तसं सीटमधून वर येतं.

डावीकडेच की दोन्हीकडे?
ब्रेकवर पाय असताना की नसताना?
धडधड की थरथर?

तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं,
या दोन शब्दांमध्ये अशी कधी अडले नव्हते.
थरथर, म्हणाले.
मग म्हणाले, नाही. ओढाताण.

मग रात्रभर उघड्यावर ठेवा, म्हणाला. पहाटे मीच येतो.

आरेत साडेपाचला सोळा अंश.
मुंबईच्या मानाने हिमालयच.
जेरोम माकडटोपीत, मी निषादच्या जाड जॅकेटमध्ये,
ज्याच्या खिशात अजून लेहच्या कुठल्याशा पंपाची पावती.
तबेल्यांमागच्या डांबरी पटांगणात घिरट्या घातल्या.
पहिला गिअर, पूर्ण वळण.
तो आधी शेजारी बसला, मग मागे,
मग उतरून गाडीबरोबर वाकून चालू लागला,
आजारी वासराबरोबर चालावं तसा,
कान चाकाच्या उंचीला.
टायर कुरकुरले, गाडीने मध्येच एक उडी घेतली.
तीन कुत्री उठून लांब जाऊन बसली.

जॉइंट नाही. बेअरिंग नाही. टायर तर नवे आहेत.
ही बर्फात होती ना?

होती. तीन हिवाळे.
माझा मुलगा तिथे रस्ते मोकळे करायचा.
ऑक्टोबरात परत आला.

तळहातावर बोटाने त्याने दोन वर्तुळं काढली.
वळताना पुढची चाकं लांबचा फेरा घेतात, मागची जवळचा.
चारी एकत्र बांधलेली असली तरी बर्फात खपतं,
बर्फ घसरू देतो.
डांबर नाही देत. मग आपसात भांडतात.

पण दांडा मी दोनवर ठेवलाय, मी म्हटलं. हा बघ.

दांडा दोनवरच आहे, बाय.
आत एक काटा असतो, तो अजून चारात.
इथे आल्यावर कोणी जाड तेल भरलं का?
थंडीत त्याचं तूप होतं, काटा हलत नाही.
ऊन चढलं की सुटतो, आणि तुम्ही तेव्हा माझ्याकडे येता.

मी दांड्याकडे बघत राहिले. गुळगुळीत,
वरचे आकडे अंगठ्याने पुसत आलेले.
घरी निषाद झोपला असेल, पलंगावर नाही, सोफ्यावर,
बूट उशाशी, दाराकडे तोंड करून.
विचारलं तर म्हणतो, आई, मी बरा आहे.

तेल मी बदलतो, जेरोम म्हणाला. तोवर रेटू नका.
अडली की सरळ मागे घ्या, दहा-बारा फूट,
अजिबात न वळवता. ताण गेला की आपली आपण सुटते.

मागे घेतली. आरशात कुत्री, एक दुधाचा टेम्पो,
धुरकट उजेड. आठ फूट. दहा.
पायाखाली कुठेतरी टक् झालं,
कोणी ओट्यावर वाटी ठेवावी, इतकंच.

ऐकलंत?
ऐकलं.

मग डावीकडे, पूर्ण. मग उजवीकडे.
मग उगाचच अजून एकदा डावीकडे.

परतले तेव्हा तो जागा होता, बुटांची नाडी सोडत
की बांधत, कळलं नाही.
काय निघालं? त्याने विचारलं.
तेल, म्हटलं. इथलं. जाड होतं.
आणि चहाचं आधण ठेवलं, दोघांचं,
पुढचं काही न विचारता.