मंगळवार, खुर्ची चार आणि पाच

सुरुवात पाण्यावरून झाली.
नर्सनं वडिलांना अर्धाच पेला दिला
तसे ते पुटपुटले, माये, अजून थोडं माये,
आमच्या घरातली भाषा,
यरुशलेमच्या जुन्या गल्ल्यांत
बोटांवर मोजावी एवढ्या घरांत उरलेली.
पाचव्या खुर्चीतला म्हातारा मान वळवून म्हणाला,
"मलाही नाही देत."
त्याच भाषेत.

वडील दचकले.
डोक्यावर किप्पा, शर्टाखालून लोंबणारे गोंडे,
हा माणूस आपल्या घरात कधी येऊन गेला?

हायो सब्बाग. झाखोचा. बाप रंगारी, आजा रंगारी,
सोळाव्या वर्षी विमानातून इथे उतरवलेला.
आणि माझे वडील गवरिये, मठाचे शिंपी,
पाद्र्यांचे झगे शिवून डोळे गेलेले.
मंगळवारी, शुक्रवारी, चार-चार तास
रक्त बाहेर जाई, धुऊन परत येई,
आणि दोघं शब्द ताडून बघत.
भाकर? लहमो. लख्मा.
घर? बायतो. बेसा.
मरण? मौतो. मोसा.
मग जरा वेळ कुणीच काही विचारत नसे.

शाळेत सिस्टर फळ्यावर दोन रकाने आखायची,
जुना करार, नवा करार.
जागा कमी पडली की
आधी जुना पुसायची.

एकदा वडील मोठ्या मनानं म्हणाले,
"हायो, तू आमचं अस्तर आहेस.
दिसत नाहीस,
पण तुझ्यावाचून झगा अंगावर बसत नाही."
हायोनं सुई टोचलेला हात जरासा उचलला.
"गवरिये, मी कुणाचं अस्तर नाही.
माझा मी अख्खा कोट आहे.
जुना असेल. अजून अंगात आहे."

पुढचे दोन मंगळवार वडील गप्प.
घरी एक धड झगा उसवत बसले, विनाकारण.
तिसऱ्या मंगळवारी म्हणाले, "बरोबर.
पण थान? थान तर एकच ना?"
"थान एक," हायो म्हणाला,
"आता कातरीचं काय, ते सांग."
मशीन वाजलं. नर्सनं येऊन बटण दाबलं.
त्याचं उत्तर वडिलांनी कधीच दिलं नाही.
मीही नाही, आणि मला
गुड फ्रायडेला आम्ही काय काय म्हणायचो
ते सगळं पाठ होतं.

"तुमचा येशू," हायो म्हणाला होता,
"माझ्या आजीच्या दारात आला असता
तर तिला दुभाषा लागला नसता.
आधी विचारलं असतं, जेवलास का?
आणि शुक्रवार असता तर पिटाळलंच असतं,
पळ, दिवेलागण झाली, आई वाट बघत असेल."

मला त्याचा एकच शुक्रवार ठाऊक होता.
त्याआधीचे त्याचे सगळे शुक्रवार,
दिव्यांचे, झाकून ठेवलेल्या भाकरीचे,
मी कधी मोजलेच नव्हते.

हायो मार्चमध्ये गेला.
मुलाच्या घरी, सातव्या मजल्यावर, दहा माणसं जमली.
वडील दाराशी उभे, अकरावे, मोजणीत नसलेले.
मुलगा कागदावरून कद्दिश वाचत होता.
त्याला हिब्रू येतं, बापाची भाषा नाही,
अंधारात जिना उतरावा तसा
अक्षर अक्षर चाचपत चाललेला.
त्या खोलीत तो शब्दन्शब्द
घरच्या बोलण्यासारखा समजणारा
एकच माणूस होता,
आणि त्याच्या शर्टाखाली क्रूस होता.

नाव आलं. वडिलांचे ओठ हलले.
राज्य आलं. हलले.
आमच्या प्रार्थनेत यापुढे आम्ही भाकर मागतो.
इथे भाकर आली नाही,
वाट दुसरीकडे वळली.
वडील तिथेच थांबले,
कापड दुसऱ्याचं आहे हे बोटांना कळल्यावर
शिंपी थांबतो तसे.

नंतर हायोची बायको स्वयंपाकघरातून आली.
कोण, कुठले, तिनं विचारलं नाही.
हातात पेला होता.
अर्धाच भरलेला.