दोन अंश जास्त

गरवारे पॉइंटवरून आत, तिसऱ्या गल्लीत,
आमच्या शेडमध्ये एक मशीन आलंय,
त्याला डाय लागत नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा
बायकोनं भाकरी उलटता उलटता विचारलं,
मग तुम्ही?

एक हात आहे त्याला, टोक बोराएवढं.
कडेनं आवळलेल्या पत्र्यावर ते फिरत राहतं,
दर फेरीला केसभर खाली,
आणि सपाट पत्र्याला हळूहळू पोट येतं.
प्रेसला चार सेकंद लागायचे. याला साडेतीन तास.
शाल्मली कोठावदे समोर खुर्ची टाकून बसते,
दुधावर लक्ष ठेवावं तशी.

पहिलंच काम पिंपळगावचं:
द्राक्षबागेतल्या जुन्या फवारणी यंत्राचं नरसाळं.
कंपनी बंद, सुटा भाग कुठेच मिळत नाही.
त्याची डाय मीच केली होती, अठ्ठ्याण्णव साली,
निळं लावायचं, घासायचं, परत निळं लावायचं,
पाच महिने.
साडेसहाशे किलो भरली.
भंगारवाल्याच्या काट्यापाशी मीच उभा होतो,
म्हणून आकडा पाठ आहे.

साडेतीन तासांनी शिकंजे सोडले
आणि पत्रा टणकन मागे आला.
शाल्मलीचं तोंड उतरलं. स्क्रीनवर तर बरोबर होतं.
म्हटलं, येणारच तो मागे.
सांगाल तेवढा पत्रा कधीच वाकत नाही.
तीस वर्षं मी प्रत्येक डाय थोडी खोटी केली,
तेव्हा माल खरा निघाला.
किती खोटी, सर?
याला दोन अंश.
तिनं पुरावा मागितला नाही. टाइप केलं.

दुसरा तुकडा बसला.
फक्त गळ्यापाशी, जिथे भिंत उभी होते,
पत्रा ताणून ताणून पापुद्रा झाला,
मग नखाएवढी चीर.
इथे नाही जमत याला, ती म्हणाली,
स्वतःच्या पोराबद्दल बोलावं तसं.
तिसऱ्या तुकड्याला गळा आखूड ठेवला,
उरलेली कड मी वाळूच्या पिशवीवर
लाकडी हातोड्यानं वळवली.
फार सुबक नाही झाली.

हजार नग मागितले असते तर?
तर डायच लागली असती, सर.
पण हजार मागायला
या महिन्यात तरी कोणी आलेलं नाही.

बायकोला उत्तर द्यायचं राहिलंय.
दोन अंश जास्तच सांगेन म्हणतो,
मागे येऊन
बसेल जागेवर.