घडाभर तेल

ऑक्टोबरभर मी सूप गोठवते आहे.
बारा डबे मसुराचे, नऊ लीकचे,
झाकणांवर तारखा : तीन नोव्हेंबर, सहा, अकरा...
त्या दिवसांत मला शेगडी दिसणार नाही,
दिसतील फक्त सोळाशे सदुसष्ट शब्द,
रोजचे, तीस दिवस,
थकलेल्या भाड्यासारखे.

इथे स्ट्रॉमनेसला घड्याळं मागे घेतली
की चारच्या सुमारास धक्क्यावर दिवे लागतात.
मी फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसते
आणि बोट नसेल तेव्हा राज्य वसवते.

नकाशा, भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर.
किनारा न्हाणीघराच्या छतावरच्या ओलीवरून उतरवला,
हुबेहूब, स्टुलावर उभी राहून.
डोंगररांग म्हणजे सांडलेला चहा.
आकाशात दोन चंद्र घातले, मग त्यांच्या भरत्या मोजाव्या लागल्या,
तीन रात्री त्यातच गेल्या,
कारण मी बंदरातली बाई आहे,
चुकलेली भरती मला खपत नाही.
मिठावरचा कर ठरला. खोगिरांचे प्रकार ठरले.
राजाच्या आत्याला संधिवात दिला.
डेव्ही खिडकीतून डोकावला, म्हणाला,
थोरा, यात माणसं कधी येणार?

नमनालाच घडाभर तेल,
मान्य.
पण तेल ओततानाच काय तो हात थरथरत नाही.

वाचनालयात आम्ही तिघं.
ग्रेटाच्या कपाटाच्या दारावर एकशे चाळीस पात्रांची वंशावळ,
कपाट उघडलं की दोन घराणी दुभंगतात.
आणि हार्कस, जो दरवर्षी नऊ तारखेला थांबतो,
नऊलाच,
आम्ही कारण विचारत नाही.
यंदा त्याने नवी पेन्सिल आणली आहे.

जादूचा नियम मात्र मला जमलाय :
मंत्र टाकला की टाकणाऱ्याचा एक शब्द जातो.
कायमचा. वस्तू राहते, नाव जातं.
हिशोब केला तर नवव्या प्रकरणापर्यंत
माझी जादूगारीण मुकी होते.
ते निस्तरायचं राहिलंय.
आमच्या बेटांचीही एक भाषा अशीच गेली,
थोडे वाऱ्यांचे शब्द उरले, थोडे खडकांचे.
एवढी जादू कुणी केली होती,
आणि ती कशासाठी,
कुणाला आठवत नाही.

आज एकतीस.
वाऱ्यामुळे दुपारची फेरी रद्द.
एक म्हातारी खिडकीशी आली,
कुठल्या देशाची कळलं नाही,
कोट पुरुषाचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
म्हणाली, एक तिकीट. जाणं.
मग थांबली. बोटांनी हवेत काहीतरी चाचपलं.
आणि... जाणं. पण इकडे तोंड करून.
मी परतीचं दिलं, उद्या सकाळच्या बोटीचं,
सुटे मोजले,
पुढच्याला हाक मारली. पुढे कुणीच नव्हतं.

रात्रीचे पावणेबारा.
नकाशा भिंतीवर, दोन्ही चंद्र जागच्या जागी,
आत्या कण्हते आहे,
आणि मी पेन धरून त्या दुमडलेल्या बाह्या आठवते आहे.
कुठला मंत्र टाकला असेल तिने
की नेमका तोच शब्द गेला?

बारा वाजून एक मिनिट.

तिला जायचं होतं; यायचा शब्द नव्हता.

सहा झाले.
उरले सोळाशे एकसष्ट.
खाली रस्त्यावर कुठल्या पोराचा
सलगम कोरून केलेला कंदील अजून धुमसतोय,
आणि मला, आत्ताच,
तीन तारखेचं सूप हवंय.