खोट

कुडचड्याला, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत
शेवंती वेळीप यांनी काजूच्या पिशवीतून काढून
तो टेबलावर ठेवला.
पांढऱ्या शर्टाला नीळ जरा जास्त लागली की होतो,
तसला निळा.
वरून द्राक्षांच्या घोसासारखा फुगीर,
खाली काळ्या कातळाची खपली चिकटलेली.

"हणजुण्याच्या बाजारात एक चार हजार म्हणाला,
दुसरा म्हणाला, काच.
केमिस्टबाब, याचें कितें मेळटलें?"

केमिस्ट मी आता नाही.
खाण बंद झाली तेव्हा लॅबमधून घरी आलं
एक भिंग, एक तराजू
आणि सवय.

आधी माडाच्या व्हिनेगरचा थेंब.
बुडबुडा नाही. म्हणजे कॅल्साइट नव्हे.
मग खिळा. करडी रेघ उठली, बोटाने पुसली तर गेली:
झिजला तो खिळा.
फेणीच्या रिकाम्या बाटलीवर कड ओढली,
काच किंचाळली, चरा पडला.
नेलपॉलिश काढायचं पाणी लावलेला कापूस पांढराच राहिला.
हवेत चारशे वीस ग्रॅम,
दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला तर दोनशे एकोणसाठ.
भागाकार पाठकोऱ्या कागदावर केला, दोनदा.
दोन पूर्णांक एकसष्ट.

"कॅल्सेडनी," म्हटलं. "गारेची जात. कुठून आणला?"

बाबुसो ट्रक चालवायचे.
जळगावच्या बाजूला एकदा विहिरीच्या कामावर
भाडं मारलं होतं, तिथला.
पुढे अकरा वर्षं डॅशबोर्डवर,
ट्रिपांच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून.

तरीच फुग्यांच्या बेचक्यांत लाल धूळ.
ती ओळखायला भिंग नको.

मग सांगायचं असतं ते सांगितलं.
कोपरा उडालाय, तिथे भाव पडतो.
रंग आरपार सारखा, ही जमेची बाजू.
ऑक्झॅलिक ॲसिडात दोन दिवस बुडवला की लाल निघेल,
मग शौकीन माणूस दीड हजार देईल.
असाच दिला तर आठशे.
चार हजार तो स्वतःच्या दगडाचे म्हणाला असेल.

"पण हा आत कसला आहे?"
"सिलिका."

शब्द तोंडातून गेला आणि मी थांबलो.
बावीस वर्षं हाच शब्द तक्त्यात लाल पेनाने लिहिला.
चार टक्के, चालेल. सहा, पैसे कापा. नऊ, ढीग परत.
लोह म्हणजे माल. सिलिका म्हणजे खोट.
बाबुसोंचे किती ट्रक माझ्या त्या रकान्यापायी
जेटीवरून मागे फिरले असतील.
आणि हा जवळजवळ सगळाच खोट,
लोह आहे तेवढं
ॲसिडात घालून काढायचं.

हे त्यांना बोललो नाही.
पाण्यातून काढलेला दगड अजून ओला होता,
गडद, देखणा.
"ओल्यात भाव करू नका," एवढंच म्हटलं,
"बाजारात मुद्दाम भिजवून ठेवतात."

पंख्याखाली ठेवला. दोघं बघत बसलो.
कडेकडून वाळत आला, फिका होत होत.
बेचक्यांतली ओल मात्र बराच वेळ जाईना,
तिथली धूळ विटकरी दिसत राहिली.

पावतीवर किमतीची जागा पेन्सिलीने भरली.
"ॲसिडाचें मागीर पळोवया," शेवंतीबाई म्हणाल्या
आणि पिशवीचं तोंड बांधलं.