ठिपका

दिवस पूर्ण होते. वजन सोळाशे चाळीस.
वारेने म्हणे हात आखडता घेतला.
सासूबाईंनी विचारलं, जेवत होतीस ना?
जेवत होते.

सिस्टर भदौरियांनी फिल्म उजेडावर धरली:
गुडघ्यापाशी इथे ठिपका असतो,
मसुरीएवढा.
हिचा अजून उमटला नाही.

टाळू भरताना
माझी तीन बोटं हाडाला न लागता मावतात.
कोमट तेलाखाली ती धडधडते,
मी हात काढून घेत नाही.

लष्करच्या गल्लीत पहाटेपर्यंत गजक कुटतात,
धप्प, धप्प, तीळ तुटेस्तोवर.
उजाडल्यावर मी फिल्म खिडकीला लावते:
विजेचा खांब, एक कावळा, दोन बारीक मांड्या,
मधे नुसता काळोख.

फेब्रुवारीत परत बोलावलंय.
आज दुपट्याची गाठ
तिनं दोनदा सोडली,
लाथांनी.